साडूच्या वाळवंटातली कोजागिरी

सासूबाई आपल्याकडे राहायला याव्यात म्हणून दोन जावई एकमेकांवर जळतात, असं घर माझ्या माहितीत एकच आहे, आणि त्यातला जास्त जळणारा जावई मी आहे. साडूही जळत असेल, पण तो बोलत नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. तो कशाबद्दलच बोलत नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला वाटायचं, ह्याला मराठी येत नसावं. मग कळलं की तो नागपूरचा आहे, आणि मी अजूनच कोड्यात पडलो, कारण नागपूरची माणसं मी पाहिलेली आहेत.

सासूबाईंचं घर इथंच कॅनडात, बर्नबीला. माझ्या बायकोचं आणि मेहुणीचं लहानपण त्याच घरात गेलं. सासरे गेल्यावरही त्या तिथं एकट्या नेटानं राहिल्या, पण मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचं बर्फ काढायला गेल्या असताना शेजाऱ्यानं त्यांच्या हातातून फावडं काढून घेतलं. त्याच आठवड्यात त्यांनी घर विकायचं ठरवलं. आता प्रश्न एवढाच होता की पुढं राहायचं कोणाकडे. आमच्याकडे, म्हणजे कोक्विटलमच्या कॉन्डोत, का साडूकडे, म्हणजे डोंगरांपलीकडे, अमेरिकेच्या हद्दीलगत ओसोयूसजवळ, जिथं त्यानं घरून काम करायची सवलत मिळताच जमीन घेऊन बैठं घर बांधलं होतं. सासूबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की कोजागिरी होऊ दे, मग सांगते.

त्या आमच्याकडे याव्यात असं मला का वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. आमच्या कुटुंबात गोष्टी मी सांगतो. कोणी नेमलेलं नाही, पण जेवणं झाली की मी खुर्ची थोडी मागं सरकवतो आणि मंडळी समजून जातात. काही जण समजून उठतातही. बायको फोन बघते. मुलांना मी मराठीत सांगतो आणि ती मला इंग्रजीत सांगतात की ही ऐकलेली आहे. राहता राहिल्या सासूबाई. त्या पदर सावरून बसायच्या, मान हलवायच्या, आणि जिथं हसायचं तिथं हसायच्या. माझी अस्वलाची गोष्ट त्यांनी निदान पंधरा वेळा ऐकली असेल. आमच्या बिल्डिंगच्या कचऱ्याच्या खोलीत अस्वल शिरलं होतं आणि मी हातात पोळपाट घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो होतो, ती. ते अस्वल दरवर्षी थोडं वाढतं. सासूबाईंनी कधी विचारलं नाही की मागच्या वर्षी हे लहान होतं ना. असा श्रोता घरात कायमचा मिळणार असेल तर माणूस बाथटबला दांड्या बसवून घेतो, गेस्टरूममधली ट्रेडमिल विकतो, आणि देवघरासाठी पूर्वेची भिंत कुठली ते फोनच्या होकायंत्रात बघतो. मी हे सगळं केलं होतं.

शिवाय कोजागिरी म्हणजे माझा हक्काचा दिवस. त्या दिवशी घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची रीत आहे. माझी बायको थोरली, त्यामुळे सासूबाई दरवर्षी आमच्याकडे यायच्या, तिला ओवाळायच्या, आणि निरांजन फिरलंच आहे म्हणून शेजारी बसलेल्या मलाही ओवाळून घ्यायच्या. साडूला ह्या प्रकारात स्थान नव्हतं. हे मला फार आवडायचं. मग मसाला दूध आटेपर्यंत माझी गोष्ट.

यंदा कोजागिरी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आली आणि साडूचा मेसेज आला. त्याचे मेसेज तारेसारखे असतात. 'सगळे इकडे या. दूध शेकोटीवर. शेजारी वाजवणार. ग्नावा.' मी बायकोला विचारलं की ग्नावा म्हणजे काय. ती म्हणाली, मोरोक्कोचं संगीत असतं, गुगल कर. मी केलं नाही. एवढं कळलं की माझी कोजागिरी पळवली गेली आहे.

आम्ही होप गावावरून डोंगर ओलांडून गेलो. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, तरी मी अस्वल वाटेत बाहेर काढलं नाही, संध्याकाळसाठी राखून ठेवलं. डोंगर उतरलं की झाडं विरळ होत जातात आणि मग एका वळणानंतर सगळं पिवळं-करडं दिसायला लागतं. कॅनडावाले त्याला वाळवंट म्हणतात. वाळू आहे, करड्या झुडपांचा कडवट वास आहे, निवडुंग आहे, खुळखुळ्या सापांपासून सावध करणारी पाटी आहे. मी म्हटलं, वाळवंटाला पाटी लावावी लागते ह्यातच सगळं आलं. मागून बायको म्हणाली, "तू उतरायच्या आधीच सुरू झालास."

घर पाहून माझी उरलीसुरली हिंमत गेली. सासूबाईंसाठी म्हणून एक खोली होती, बाहेर अंगण, मधे एक पायरीसुद्धा नाही. खोलीत पूर्वेला देवघर होतं. नुसतं कपाट नव्हे, चांगलं अक्रोडाच्या लाकडाचं, घंटा अडकवायला आकडा असलेलं. ते साडूनं स्वतः गराजमध्ये बनवलं होतं. हा माणूस आरतीला टाळ्या वाजवताना पुढच्याच्या हाताकडे बघून वाजवतो. सासूबाईंनी लाकडावरून हात फिरवला. मी म्हटलं, छान आहे, पण आकडा जरा खाली हवा होता. साडूनं मान डोलावली. त्याच्याशी भांडताही येत नाही.

संध्याकाळ लवकर झाली. अंगणापलीकडे मोकळी रेताड जागा होती, तिथं दगडांच्या रिंगणात साडूनं लाकडं रचली. उन्हाळाभर तिकडे आगीवर बंदी असते, ती उठल्यावरची त्याची ही पहिली शेकोटी. बाजूला निखारे ओढून त्यावर मेहुणीनं दुधाचं पातेलं ठेवलं. मग शेजारी आला. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, स्कूल बस चालवणारा, बायकोच्या नोकरीपायी मॉन्ट्रियलहून इकडे आलेला. बरोबर केलोनाहून आलेले त्याचे दोन दोस्त. मी त्याला इंग्रजीत म्हटलं की तुम्हाला इथं घरच्यासारखं वाटत असेल, वाळवंट, शेकोटी वगैरे. तो हसला आणि म्हणाला की तो समुद्रकाठच्या शहरातला आहे. हे संगीत घरात, चौकात बसून वाजवतात, कोणी आजारी असेल तर रात्रभर, आणि त्याचे विधी वेगळे. वाळवंटात शेकोटीभोवती टुरिस्टांसाठी वाजवतात, पण तो स्वतः आयुष्यात पहिल्यांदा वाळवंटात वाजवतो आहे तो कॅनडात. सगळे हसले. सासूबाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मी मनात नोंद घेतली की गडी बोलण्यातही बरा आहे.

डोंगरामागून चंद्र वर आला तशी सासूबाईंनी तबक घेतलं. बायकोला पाटावर बसवलं, ओवाळलं, मग मला. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी शेजाऱ्याला विचारायला सांगितलं की तो भावंडांत कितवा. तो सगळ्यांत थोरला निघाला. त्याची आई तिकडे गावी. सासूबाई म्हणाल्या, मग त्याला पण बसवा. तो पाटावर मांडी घालून बसला, टोपी काढून, मान खाली घालून, आणि त्यांनी त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. माझ्या डोक्यावरच्या अक्षता अजून तशाच होत्या. त्याच्या डोक्यावर जास्त टाकल्या असं मला वाटलं.

दूध उकळायला लागलं. ही माझी वेळ. मी खुर्ची मागं सरकवली. वाळूत ती रुतली, पण मी सुरुवात केली, की आमच्या कचऱ्याच्या खोलीचं दार जे आहे. एवढ्यात शेजाऱ्यानं आपलं वाद्य खोळीतून काढून शेकोटीकडे धरलं, कातडं तापवायला. आपल्याकडे हलगी तापवतात तसंच. झालं, सगळ्या माना तिकडे. लांबट पेटीसारखं वाद्य, वर कातडं ताणलेलं, तीन जाड तारा. सासूबाईंनी मला हातानंच थांबा अशी खूण केली. मला. अस्वल खोलीच्या दारातच राहिलं.

शेजाऱ्यानं अंगठ्यानं तार छेडली आणि आवाज कानात यायच्या आधी खुर्चीतून पाठीत आला. खर्जातला, मऊ, घुमणारा. मग दोघा दोस्तांनी लोखंडी चिपळ्या काढल्या. आपल्या चिपळ्यांच्या चौपट, दोन डाव जोडावेत तशा, दोन्ही हातांत. त्यांचा खणखणाट सुरू झाला आणि मला वाटलं की कोणीतरी भांड्यांचं कपाट जिन्यावरून सोडलं आहे, पण ते कपाट तालात पडतं आहे आणि पडायचं थांबत नाही. मी मंडळाच्या गणपतीत बावीस वर्षं झांज वाजवतो. मी ठेका धरायला गेलो. कधी तो तिनाचा वाटे, कधी चाराचा, आणि मी धरला की निसटे. समोर साडू बसला होता. तो कशाचाच ठेका धरायला गेला नव्हता. नुसता बसला होता, आणि त्याचं पाऊल बरोबर पडत होतं.

मधे शेजाऱ्यानं निखाऱ्यावर चिमूटभर काहीतरी टाकलं. सासूबाई पुढं वाकल्या, म्हणाल्या, अगं हा तर ऊद. त्यांच्या माहेरी तिन्हीसांजेला घालायचे. मग त्यानं पिशवीतून रंगीत कापडं काढून खुर्चीवर ठेवली आणि समजावलं, की प्रत्येक गाण्याचा एक रंग असतो. ज्याला वाटेल हे आपलं, त्यानं ते कापड घ्यावं, उठावं, डोलावं. आणि एकदा कोणी उठलं की त्याला मधेच थांबवायचं नाही. तो आपणहून बसेपर्यंत वाजवणारेही थांबत नाहीत.

पांढऱ्याला कोणी उठलं नाही. हिरव्याला मेहुणी उठली, दूध उतू जातंय म्हणून. निळं सुरू झालं तेव्हा सासूबाईंनी हात पुढं केला. मेहुणीनं ते कापड त्यांच्या खांद्यावर घातलं. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून डोलायला लागल्या.

इथं मला माझं लहानपण सांगायला हवं. आमच्या साताऱ्याकडच्या आळीत एक काकू होत्या, नवरात्रात त्यांच्या अंगात यायचं. त्या घुमायला लागल्या की बायका ओळीनं पुढं होऊन प्रश्न विचारायच्या. मुलीचं लग्न, सुनेचं बाळंतपण, नवऱ्याची बदली. माझ्या आईनं एकदा माझं गणित विचारलं होतं, त्याचं उत्तर फार मोघम आलं. तर सांगायचं म्हणजे, डोळे मिटून डोलणारी बाई, वर चंद्र, उदाचा धूर आणि तो खणखणाट, हे दिसल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. मी इंजिनिअर आहे, माझा विश्वास नाही. पण त्याच वेळी साडू खुर्चीत जरा पुढं सरकलेला मला दिसला, आणि मनात आलं की ह्यानं आधी विचारलं तर संपलंच.

मी बूट काढले. देवीपुढं बूट घालून कसं जायचं. मोज्यांवर, हात जोडून, सासूबाईंच्या समोर गेलो आणि मान लववून विचारलं, "आई, कोणाकडे राहायचं ठरलं?"

त्यांनी एक डोळा उघडला.

"अहो, मला काही अंगात आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला ऐकू द्या जरा."

मी ओशाळून मागं झालो, आणि मागं निवडुंग होता. तिकडचा निवडुंग बुटका असतो, वाळूत लपून राहतो, आणि त्याचा एखादा तुकडा तुटून आपल्याबरोबर येतो. तो माझ्या टाचेबरोबर आला. मी जी बोंब ठोकली ती, बायको म्हणते, अमेरिकेच्या हद्दीत गेली असेल. मी एका पायावर उड्या मारायला लागलो. शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, अतिशय आदरानं मान डोलावली आणि लय वाढवली. ह्यालाही आपला रंग सापडला असं वाजवणाऱ्यांना वाटलं. चिपळ्यावाल्यांपैकी एक उठून माझ्या शेजारी येऊन वाजवायला लागला, मला बळ द्यायला. मी नो नो म्हणत होतो, पण तेही बहुधा गाण्यात बरं बसत असावं. मी बसेपर्यंत ते थांबणार नव्हते, आणि खाली बसायला मी निवडुंगामुळे घाबरत होतो. सासूबाई खुर्चीत कोसळून हसत होत्या. पोट धरून, आवाज न फुटता, डोळ्यांतून पाणी. माझ्या कुठल्याच गोष्टीला त्या तशा हसल्या नव्हत्या. तेव्हा, एका पायावर असतानाही, मला त्या निवडुंगाचा हेवा वाटला.

शेवटी साडू उठला, त्यानं माझ्यामागं खुर्ची आणून लावली आणि खांदे दाबून मला बसवलं. संगीत थांबलं. शेजाऱ्यानं छातीवर हात ठेवून मला नमस्कार केला.

मग दूध वाटणं सुरू झालं. चंद्र पातेल्यात दिसायला मध्यरात्र व्हावी लागते, पण आमची कॅनडातली मध्यरात्र नेहमी नऊला होते. सासूबाईंनी पर्समधून भुवयांचा चिमटा काढला, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि फोनच्या उजेडात काटे काढायला बसल्या. मी नको नको म्हटलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. बाकीचे शेकोटीपलीकडे होते, चिपळ्या हातात घेऊन बघत होते.

"मी इथं राहणार आहे," त्या काटा उपटत म्हणाल्या.

मी विचारलं, देवघर आहे म्हणून का. नाही म्हणाल्या, देव कुठंही बसतात. पायऱ्या नाहीत म्हणून? तेही नाही. आता दोन्ही कारणं संपल्यावर मला भीती वाटायला लागली.

"इथं कोणी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या गोष्टी चांगल्या असतात. पण तुम्ही सांगताना माझ्याकडे बघत असता, मी हसतेय का नाही ते. दोन-चार दिवस जमतं मला. रोज नाही व्हायचं."

त्यांनी चष्मा वर करून अजून एक काटा शोधला.

"हे गेल्यापासून सगळे माझ्याशी बोलायलाच येतात. आई एकटी आहे, बोला तिच्याशी. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. पण आज इतकी माणसं इतका वेळ माझ्याजवळ बसली आणि कोणाला माझ्याकडून काही नको होतं. फक्त तुम्ही तेवढे आलात मधे, हात जोडून."

"दुखतंय का?" असं त्यांनी पुढं विचारलं. पायाबद्दलच विचारतायत असं धरून मी हो म्हणालो.

कापसावर हळद लावून त्यांनी टाच बांधली, आणि वर म्हणाल्या की ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, आत्ता सांगू नका, तिला मी सांगेन. मी मान डोलावली. पलीकडे साडूनं त्या लोखंडी चिपळ्या हातात घेऊन एकदाच वाजवल्या आणि परत केल्या. त्यालाही काही माहीत नव्हतं, हे बघून मला क्षणभर बरं वाटलं. मग लगेच वाटलं, माहीत नसताना मिळतंय ह्याला, आणि आपण ट्रेडमिल विकून बसलोय.

परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर बायको होती. तिला सासूबाईंनी सकाळी सांगितलं होतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की आपल्याकडे आली असती तर मीच तिच्यामागं लागले असते, सकाळ-संध्याकाळ, औषध घेतलंस का म्हणून. मी म्हटलं, माझ्यामुळे नाही आल्या. ती म्हणाली, "सगळं तुझ्याबद्दलच असतं का रे?" आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वाटेत कॉफी घेतली. अस्वलाचं नाव मी काढलं नाही.

दोन आठवड्यांनी बर्नबीच्या घरातलं सासूबाईंचं कपाट पोचवायचं काम माझ्याकडे आलं. भाड्याचा ट्रक, विंटर टायर्स, डोंगरावर बर्फाची भुरभुर. साडूनं एक बाजू धरली, मी एक, आणि शेजारी येऊन मधे लागला. कपाट खिडकीजवळ लागलं. मग सरकवून भिंतीजवळ. मग परत खिडकीजवळ. शेजाऱ्याला सासूबाई मराठीतूनच सांगत होत्या, हळू रे बाबा, कोपरा, कोपरा. त्याला कळत होतं. मला त्या तुम्ही म्हणतात, त्याला रे म्हणतात. ह्याचा विचार मी ट्रकमध्ये बसून परत येतानाही करत राहणार होतो, मला माहीत होतं.

जेवण झालं. अंगणात थंडी होती, तरी त्यांनी शाल घेऊन खुर्च्या बाहेर लावायला सांगितल्या. साडू आधीच जाऊन बसला होता, डोंगराकडे बघत. मी माझी खुर्ची ठेवली आणि सवयीनं थोडी मागं सरकवली.

"आज काही सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. "नुसते बसा."

मी बसलो. थोड्या वेळानं एक विषय सुचला, तो गिळला. मग दुसरा. हे इतकं अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. तुला हे कसं जमतं, असं साडूला विचारावंसं फार वाटत होतं, पण विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.